ताजमहाल हॉटेल : एका दाराचा इतिहास

मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या जागांसाठी वापरला जातो. गावाच्या फाट्यावर पत्र्याच्या छपराखाली चहा उकळतो, भजी तळली जातात, तेही हॉटेलच. आणि मुंबईत अपोलो बंदरावर उभी असलेली घुमटांची ताजमहालची इमारत, तेही हॉटेलच. पहिल्या प्रकारच्या हॉटेलाशी आपल्या समाजाचा संबंध कसा आला, हे दलित आत्मकथनांनी सविस्तर सांगितले आहे. वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी, वरून ओतलेला चहा, प्यायल्यावर आपणच विसळून पालथी घातलेली बशी. दुसऱ्या प्रकारच्या हॉटेलाविषयी आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. ती जागा आपली नाहीच, मग तिचा इतिहास आपण कशाला लिहायचा, असा एक समज त्यामागे असावा. हा समज मला मान्य नाही. ज्या दारातून आपण आत गेलो नाही त्या दाराचाही इतिहास आपलाच असतो. कारण ते दार कोणासाठी उघडे आणि कोणासाठी बंद, हे ठरवणाऱ्या व्यवस्थेनेच आपले जगणे ठरवलेले आहे.

मी गिरीजचा. वसई आणि नालासोपारा यांच्यामधले हे गाव. माझ्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला, आणि आता महाविद्यालयातच इतिहास शिकवतो. पंचतारांकित हॉटेलांचा इतिहास म्हणून जे काही वाचायला मिळते त्यात मालकाचे स्वप्न असते, झुंबरे असतात आणि पाहुण्यांची यादी असते. राजे, महाराजे, राष्ट्राध्यक्ष, नटनट्या. ही यादी खोटी नाही; ती अपुरी आहे. प्रस्तुत लेखात मला ताजमहाल हॉटेलचा इतिहास दाराच्या बाजूने पाहायचा आहे.

पांथस्थाला निवारा देण्याची कल्पना आपल्याकडे इंग्रजांनी आणली, असे समजण्याचे कारण नाही. माझ्या गावापासून काही मैलांवर असलेले सोपारा हे प्राचीन बंदर. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील ‘बुरुड राजाचा कोट’ नावाने ओळखली जाणारी टेकडी खणली आणि आत बौद्ध स्तूप निघाला. लोकांनी त्या ढिगाला एका अस्पृश्य ठरवलेल्या जातीच्या राजाचे नाव जपून ठेवले होते, ही गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. याच सोपाऱ्याचा उल्लेख नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात येतो. नहपान या क्षत्रप राजाचा हा जावई. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या लेखात त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक या चार ठिकाणी चौसोपी विश्रामगृहे बांधल्याची नोंद आहे. त्याच लेखात ब्राह्मणांना दिलेल्या मोठमोठ्या दानांचीही यादी आहे, हे सांगितलेच पाहिजे. पण भिक्षूंना दिलेले लेणे तो चारी दिशांकडून येणाऱ्या संघाला देतो. ‘चारी दिशांकडून येणारा’ ही पाहुण्याची व्याख्या आहे. येणारा कोणत्या दिशेचा, कोणत्या कुळातला, हा प्रश्न तिथे दारात विचारला जात नाही.

पुढे हा प्रश्न दारात येऊन बसला. धर्मशाळा जातींच्या झाल्या, पाणवठे जातींचे झाले. प्रवासाला निघालेल्या अस्पृश्याला निवारा म्हणजे झाडाची सावली किंवा पुढच्या गावातला महारवाडा. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईला पहिली लोकल गाडी निघाली आणि आमच्या भागातली भाजी, केळी, फुले, पाने मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. गाडीत बाकाला बाक लागला, गर्दीत अंगाला अंग लागले. पण गाडीतून उतरल्यावर शहरात रात्र कुठे काढायची, हा प्रश्न ज्याचा त्याच्या जातीकडेच राहिला.

इंग्रजांनी या उतरंडीवर आपली एक पायरी चढवली. मुंबईत काळा घोड्याजवळ १८६० च्या दशकाच्या अखेरीस वॉटसन हॉटेल उभे राहिले. रोलंड मेसन ऑर्डिश याने आराखडा केलेल्या या इमारतीचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन जहाजातून इकडे आला. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवले गेले ते याच हॉटेलात. हे हॉटेल गोऱ्यांचे होते. जमशेटजी टाटांना तेथे प्रवेश नाकारला आणि त्या अपमानातून ताजमहालचा जन्म झाला, ही कथा शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तिला समकालीन पुरावा नाही आणि अनेक अभ्यासक ती मानत नाहीत. १८९६ च्या प्लेगने मुंबई ओस पडू लागली होती, शहराची पत गेली होती, बाहेरून येणाऱ्या माणसाला राहण्याजोगी चांगली जागा नव्हती. शहरावर प्रेम करणाऱ्या एका धनवंत उद्योजकाला हॉटेल बांधावेसे वाटायला एवढे कारण पुरेसे होते.

पण कथा टिकली, आणि का टिकली हे समजून घेतले पाहिजे. दारात अपमान झालेला माणूस दुसरे, त्याहून मोठे दार उभारतो, ही कल्पना वसाहतीखालच्या सुशिक्षित वर्गाला हवीहवीशी होती. आता तिच्या शेजारी दुसरी घटना ठेवा. तिला पुरावा आहे, कारण ज्याच्यावर ती गुदरली त्यानेच ती लिहून ठेवली आहे. परदेशातले शिक्षण घेऊन बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदा संस्थानाच्या नोकरीत गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ते एका पारशी विश्रामगृहात गेले. ते फक्त पारशांसाठी आहे असे कळल्यावर वहीत पारशी नाव घालून, रोज दीड रुपया देऊन तिथे राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली माणसे वर आली आणि त्यांना बाहेर काढले. एक हिंदू स्नेही आणि एक ख्रिस्ती स्नेही होते. दोघांनीही निमित्ते सांगितली. मुंबईची गाडी रात्री असल्यामुळे तोवरचा वेळ या विद्वानाने सार्वजनिक बागेत बसून काढला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हा सर्व प्रसंग आहे.

हा कोणा एका समाजावरचा आरोप नव्हे. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचे हे उघडे उदाहरण आहे. वरच्या पायरीवरचा गोरा खालच्याला दार लावतो. त्या अपमानाने जळणारा पुन्हा आपल्याखालच्याला दार लावतो. एका अपमानाची, पुरावा नसतानाही, दंतकथा होते; दुसरा लेखी पुराव्यानिशी समोर असूनही पर्यटकांच्या मार्गदर्शिकेत येत नाही. कोणाचा अपमान इतिहास ठरतो आणि कोणाचा नुसती तक्रार, हे इतिहास लिहिणाऱ्याच्या हातात असते.

आता इमारतीकडे येऊ. ताजमहालची पायाभरणी १८९८ मध्ये झाली. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या दोघांचा. वैद्य १९०० साली वारले आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज वास्तुविशारदाने काम पूर्ण केले. बांधकाम सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांचे. मधला प्रसिद्ध जिनाही त्यांच्याच नावावर आहे. १६ डिसेंबर १९०३ रोजी अवघ्या सतरा पाहुण्यांनिशी हॉटेल सुरू झाले. खर्च सुमारे अडीच लाख पौंड आल्याचे सांगतात. समोरचे गेटवे ऑफ इंडिया तेव्हा नव्हते. त्याचे उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ चे. जमशेटजी मात्र हॉटेल सुरू झाल्यावर सहा महिनेही जगले नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत त्यांचा अंत झाला.

या इमारतीविषयी दुसरी एक दंतकथा आहे : ती चुकून उलटी बांधली गेली आणि ते पाहून वास्तुविशारदाने जीव दिला. यातले काहीही खरे नाही. घोडागाड्या शहराच्या बाजूने येत म्हणून प्रवेश मागून होता, आणि जास्तीत जास्त खोल्यांना समुद्राचा वारा मिळावा अशी रचना होती. पूर्वी जिथे गाड्या येऊन थांबत तिथे आज पोहण्याचा तलाव आहे आणि मुख्य प्रवेश समुद्राकडून आहे. वैद्यांसारख्या देशी वास्तुविशारदाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले नाही, आत्महत्या करणारा खोटा वास्तुविशारद मात्र राहिला. जिथे ज्याने आराखडा काढला त्याची ही गत, तिथे दगड घडवणाऱ्या, चुना मळणाऱ्या, डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायाबापड्यांच्या नावाची अपेक्षा कोणी करावी?

सोयींची यादी मात्र नीट जपलेली आहे, आणि ती आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. विजेचे दिवे, अमेरिकेतून आणलेले पंखे, जर्मनीच्या लिफ्ट, तुर्की स्नानगृहे, कपडे धुण्याची यंत्रे, बर्फ तयार करण्याची सोय, औषधांचे दुकान, टपाल कचेरी आणि इंग्रज बटलर. पंखा आणि जोडून न्हाणीघर असलेल्या खोलीचा दर तेरा रुपये, जेवणासकट वीस रुपये. त्या काळात मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या बऱ्याच कामगारांची महिन्याची मजुरी या तेरा रुपयांच्या आसपास होती, हे लक्षात ठेवून हा आकडा वाचावा.

ही यादी गावगाड्याच्या शेजारी ठेवून पाहा. परीट, न्हावी, पाणक्या, खाटीक, झाडूवाला, रखवालदार. गावगाड्यात जातीने नेमून दिलेली जवळजवळ सगळी कामे या एका छपराखाली आली आणि त्यांची ‘खाती’ झाली. लॉण्ड्री, सलून, हाउसकीपिंग, सिक्युरिटी. कामाला पगार आला, गणवेश आला, कामाचे तास आले. बलुत्यासाठी दारोदार हात पसरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा बदल लहान नव्हता. बाबासाहेबांनी गाव सोडा, शहराकडे चला असे का सांगितले, हे इथे समजते.

पण याच यादीतून दुसरीही एक गोष्ट दिसते. विजेचा पंखा आला तेव्हा पंखा ओढणारा माणूस गेला. नळ आला तेव्हा भिस्ती गेला. आणि पाण्याने वाहून नेणारे शौचालय आले तेव्हा त्या इमारतीपुरते डोक्यावरचे मैल्याचे टोपले गेले. ज्या शहरात १९०३ साली श्रीमंत पाहुण्याच्या खोलीला जोडून न्हाणीघर होते, त्याच शहरात पालिकेचे हलालखोर खाते माणसांच्या हातांनी मैला उचलून नेत होते. मानवी हातांनी मैला वाहण्यावर बंदी घालणारा केंद्रीय कायदा व्हायला १९९३ साल उजाडावे लागले. तो पुरा पडला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा करावा लागला. आणि गटारात गुदमरून मरणाऱ्या सफाई कामगारांच्या बातम्या आजही थांबलेल्या नाहीत. म्हणजे यंत्राचा शोध लागला नव्हता, म्हणून आपली माणसे टोपली वाहत होती असे नाही. यंत्र शहरात आलेले होते. जिथे पाहुणा पैसे मोजत होता तिथे ते लागले. जिथे जातीने राबणारा माणूस यंत्राहून स्वस्त पडत होता तिथे ते लागले नाही. जातीने आपल्या देशातल्या तंत्रज्ञानाला नव्वद वर्षे अडवून धरले, असे म्हणणे भाग आहे.

विजेचेही तेच. हॉटेलने आपली वीज सुरुवातीला आपणच तयार केली. पुढे मुंबईच्या गिरण्यांसाठी सह्याद्रीत धरणे बांधून वीज आणली गेली. १९१५ पासून खोपोलीची वीज शहरात खेळू लागली. मुळशीच्या धरणाला मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून सत्याग्रह करून विरोध केला, तरी धरण झालेच. मुंबईच्या उजेडाखाली बुडालेली गावे आहेत, ती प्रकाशाच्या वर्णनात येत नाहीत.

पहिल्या महायुद्धात ताजमहालचे सहाशे खाटांचे इस्पितळ झाले. १९३० च्या दशकात तिथल्या नृत्यगृहात जॅझ वाजू लागले. १९३५ साली लिऑन ॲबी हा निग्रो वादक आपले पथक घेऊन आला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड याने इथे नाव कमावले. पुढे चिक चॉकलेट या नावाने गाजलेला गोव्याचा ट्रंपेटवादक अंतोनियो झेवियर वाझ याचा वाद्यवृंद तिथे वाजला. ज्या अमेरिकेत काळा वादक गोऱ्यांच्या क्लबात वाजवू शके पण गिऱ्हाईक म्हणून त्याच टेबलावर बसू शकत नसे, त्या अमेरिकेतून ही माणसे आली होती. मंचावर जागा आणि टेबलावर मज्जाव, हे नाते आपल्या ओळखीचे आहे. तमासगिराची ढोलकी पाटलाच्या वाड्यासमोर वाजत असे, ढोलकीवाला ओसरीवर चढत नसे.

२६ जानेवारी १९५० रोजी हे दार कायद्याने उघडले. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून तिथे कोणालाही अटकाव करता येणार नाही. संविधानासारख्या गंभीर ग्रंथात ‘हॉटेल’ हा शब्द का यावा, असे वर्गातले विद्यार्थी मला विचारतात. मी त्यांना चवदार तळे आणि बडोद्याचे विश्रामगृह यांच्याकडे बोट दाखवतो. त्या शब्दामागे असे कित्येक अपमान उभे आहेत. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने हा अटकाव शिक्षेस पात्र ठरवला. १९७६ मध्ये तोच कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने अधिक कडक झाला. अमेरिकेत असा कायदा १९६४ साली आला, आणि अटलांटाच्या एका मोटेलने काळ्यांना खोल्या न देण्याच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण नेऊन त्याच वर्षी ते गमावले.

कायद्याने उघडलेले दार प्रत्यक्षात किती उघडले, हे १९७२-७३ कडे पाहिल्यावर कळते. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता. लाखो माणसे खडी फोडत होती, त्यांत आपली माणसे सर्वांत पुढे होती. ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ बाबा आढाव यांना त्याच सुमारास सुरू करावी लागली. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तरी विहीर खुली झाली नव्हती. १९७२ मध्येच दलित पँथर उभी राहिली, अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेचे नाव घेऊन. आणि १९७३ मध्ये जुन्या ग्रीन्स हॉटेलच्या जागी ताजमहालचा नवा मनोरा उभा राहिला. या घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. पण एका राज्याचा एका वर्षाचा इतिहास लिहिताना त्या एकाच पानावर आल्या पाहिजेत, एवढा माझा आग्रह आहे.

नोव्हेंबर २००८ चा हल्ला सर्वांना आठवतो. २६ तारखेच्या रात्रीपासून २९ च्या सकाळपर्यंत हॉटेल जळताना देशाने पाहिले. तिथे ३१ माणसे मारली गेली. त्यांतले ११ जण हॉटेलचे कर्मचारी होते. पाहुण्यांना बाहेर काढताना ते गेले. ज्यांना मागचे दरवाजे, स्वयंपाकघराचे बोळ, नोकरांचे जिने ठाऊक होते, त्यांनी त्याच वाटांनी शेकडो पाहुण्यांचे जीव वाचवले. पळून जाण्याच्या वाटा सर्वांत आधी त्यांच्याच हाताशी होत्या, तरी ते थांबले. या शौर्याचा अभ्यास परदेशी विद्यापीठांतही झाला आणि त्यात एक गोष्ट नोंदली गेली : हे हॉटेल आपली माणसे महानगरांपेक्षा लहान शहरांतून निवडते. त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पन्नासहून अधिक माणसे मेली. लांबच्या गाडीची वाट पाहत बोचक्यांवर बसलेली ती माणसे होती. कॅमेरे तीन दिवस घुमटाकडे वळलेले राहिले. मनोरा २१ डिसेंबर २००८ रोजी उघडला, जुनी इमारत १५ ऑगस्ट २०१० रोजी. २०१७ मध्ये इमारतीच्या चित्राची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली. इमारतीच्या रूपावरही आता मालकी आहे.

आमच्या भागातली कितीतरी मुले आज ‘केटरिंगला’ जातात. शनिवार-रविवारी ठेकेदाराचा फोन येतो. पांढरा शर्ट, काळी पँट, काळे बूट. लोकलने मुंबई गाठायची, मागच्या फाटकातून आत जायचे, रात्रभर ताटे वाहायची. महाविद्यालयात असताना मीही जात होतो. हॉटेलांची नावे सांगण्यात अर्थ नाही. फाटक सगळीकडे मागेच होते आणि आमचे जेवण शेवटचा पाहुणा गेल्यावरच होते. माझी आई गिरीजच्या वाड्यांत मजुरीने भाजी खुडायची. ती भाजी पहाटेच्या गाडीने दादरला जाई आणि तिथून कोणाच्या ताटात जाई हे तिला कधी कळले नाही. मला कळले, कारण ती ताटे मी उचलली.

दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेली आपली माणसे गेटवेलाही जातात. हॉटेलकडे पाठ करून फोटो काढून घेतात आणि गाडी पकडतात. आत जायला त्यांना आज कोणी जातीने अडवू शकत नाही. अडवतो तो दर. वही उघडून जात विचारणारा माणूस दारातून गेला, आणि त्याच्या जागी चहाच्या कपाची किंमत येऊन उभी राहिली. पिढ्यान् पिढ्या ज्यांना जमीन नाकारली, शिक्षण नाकारले, त्यांच्याकडे ती किंमत का नसते, याचे उत्तर अर्थशास्त्राच्या पुस्तकात एकट्याने सापडणार नाही. ते जातीच्या इतिहासातही शोधावे लागेल.

म्हणून माझे विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. आपल्या वस्तीत अशा हॉटेलांतून राबून निवृत्त झालेली माणसे आहेत. लॉण्ड्रीतले, भांडी घासणारे, गालिचे झाडणारे. त्यांच्या आठवणी, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या, त्यांच्या युनियनची कागदपत्रे गोळा करा. कोणत्या जातीच्या माणसाला समोर उभे केले आणि कोणाला तळघरात ठेवले, हे विचारा आणि लिहून घ्या. पाहुण्यांची वही हॉटेलने जपून ठेवली आहे. राबणाऱ्यांची वही आपणच उघडली पाहिजे, आणि ती माणसे हयात आहेत तोवरच उघडली पाहिजे.